हौशीचं बसकर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि आता तोही नाही. तुम्हालाच का सांगते आहे कुणास ठाऊक — पण बसा जरा.

साठ-बासष्ट सालची गोष्ट. मी पालघरची. चिंचणीच्या पुढे, कोळीवाड्याला लागून असलेल्या एका शाळेत चौथीला शिकवायला लागले होते. कडक बाई म्हणून माझं नाव होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. वर्गात बहुतेक मुलं बागायतदारांची. कोळ्यांची पोरं तेव्हा शाळेत फारशी येत नसत; त्यांच्यातली एकच — हौशी. शाळेत येण्याआधी ती आईबरोबर बोंबील वाळत घालायची. हाताला वास राहायचाच. राहणार नाही तर काय?

मुलं नाक धरायची. तिच्या पाटीला बोट लागलं तर हात धुवायला पळायची. मी त्यांना दटावलं का? नाही. मी — मोठी शहाणी — तोडगा काढला. तिकडे सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे जातो, दुपारी समुद्रावरून गावात येतो. तेव्हा हौशीनं सकाळी पश्चिमेच्या खिडकीशी बसायचं आणि मधल्या सुट्टीनंतर पूर्वेच्या. म्हणजे वास बाहेरच्या बाहेर. सुट्टी संपली की ती आपलं बसायचं गोणपाटाचं बसकर उचलायची आणि पोरं एका सुरात म्हणायची, 'वारा फिरला, वारा फिरला.' रोज. मी फळा पुसत असायचे. एकदा मलाही हसू आलं. ते तिनं पाहिलं.

एवढंच असतं तर कदाचित मी याआधीच कुणापाशी तरी बोलले असते.

एक दिवस तिची आई आली. मासळीची टोपली फाटकाबाहेर ठेवून, पदर सावरत.

"बाई, पोर जेवत नाय. सकाल झाली का पोटात दुकतं म्हनते. आपल्या बांगड्या पन धाकटीला देऊन टाकल्या. शालेत तिला कोन काय बोलतं का?"

शाळेची पायरी न चढलेली बाई ती — आणि किती नेमकं विचारलं तिनं. आईनं आणखी काय करायचं असतं? मी म्हटलं, शाळेत काही नाही. मोठी होतेय, समज येतेय. लाड करू नका, रोज पाठवा. बाईंचा शब्द तिनं मानला. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः हौशीला हाताला धरून फाटकापर्यंत आणून सोडू लागली.

दिवाळीच्या आधी हौशीनं जीव दिला. दहा वर्षांची होती.

महिन्याभरानं आई पुन्हा आली. भांडायला नव्हे हो. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं पुन्हा तेच विचारलं — शाळेत काही झालं होतं का? वर्ग सुटला होता. हौशीचं बसकर पूर्वेच्या खिडकीखाली गुंडाळलेलं तसंच होतं. माझी नोकरी कायम व्हायची होती. मी म्हटलं — अगदी हळू, मायेनं म्हटलं — "घरी कुणी काही बोललं होतं का तिला?"

तिनं खिडकीखालच्या बसकराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मीच बोलले. बोंबील मातीत पाडले म्हनून."

मी मान डोलावली. बस्स, एवढंच केलं मी. ती बसकर उचलून, काखेत धरून निघून गेली.

पुढे कितीतरी वर्षं ती बाजारात बसायची. एखादी आई पोरावर खेकसताना दिसली की हातातला कोयता खाली ठेवून सांगायची, "पोरांना बोलू नको गो. मी बोलले न् माजी हौशी गेली." प्रत्येकीला सांगायची. दुसऱ्यांची पोरं तरी वाचावीत म्हणून स्वतःचं पाप, जे तिचं नव्हतंच, भर बाजारात उघडं करायची. मी समोर पिशवी धरून उभी असायचे.

मला पाहिलं की ती टोपलीतलं सगळ्यात ताजं पापलेट काढायची, हौशीच्या बाई म्हणून. मी ते घेत होते. घरी नेऊन रांधत होते, खात होते. ती वारली, तोवर.