ब्रूनोला काय चावायला चालतं

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आखातातल्या आमच्या अल बर्शाच्या घरी चार मराठी टाळकी जमली, की चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "अगं, ब्रूनोचा तो किस्सा सांग ना!" मग मला विचारावं लागतं, "कुठला?" कुत्रा पाळला की घरातल्या वस्तू कमी होत जातात आणि किस्से वाढत जातात, हा माझा अनुभव. आमच्याकडे आता चपला तीन जोड आहेत. किस्से मोजलेले नाहीत!

घरात आम्ही चौघं. मी, नवरा मिलिंद, नऊ वर्षांची ईशा आणि कऱ्हाडहून आमच्याकडे राहायला आलेल्या माझ्या सासूबाई. पाचवा ब्रूनो. तो आला २००८च्या त्या भयंकर मंदीत. आमच्याच मजल्यावर मार्टिन नावाचा जर्मन इंजिनियर राहायचा. त्याची नोकरी गेली, आठवड्याभरात घर आवरलं आणि जाताना आपला लॅब्राडोर आमच्या दारात आणून उभा केला. "दोनच आठवडे. मी घर शोधतो, मग याला बोलावून घेतो." बिचारा रडत होता. आम्हाला नाही म्हणवलं नाही.

जाताना त्यानं एक कागद दिला. टाईप केलेला, दोन रकाने. डावीकडे ब्रूनोला काय चावायला चालतं, उजवीकडे काय चालत नाही. जर्मन काम, एकदम व्यवस्थित! मिलिंद त्याला लिफ्टपर्यंत पोचवून परत येईपर्यंत ब्रूनोनं तो कागद खाल्ला.

तेव्हापासून काय चालतं आणि काय नाही, हे फक्त त्यालाच माहीत.

*

पहिला महिना आमचं कुणाचंच तो ऐकेना. तोंडात रिमोट. मी ओरडतेय, "सोड!" मिलिंद ओरडतोय, "छोड!" ईशा ओरडतेय, "ड्रॉप इट, ब्रूनो!" आणि तो आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघत रिमोट चघळतोय.

शेवटी मिलिंदनं मार्टिनला फोन लावला. तेव्हा कळलं, की त्याला एकच शब्द कळतो. जर्मन शब्द. 'आउस!' म्हणजे सोड.

मिलिंदनं खात्री करायला ओरडून पाहिलं. "आउस!" रिमोट खाली! आम्ही टाळ्या वाजवल्या. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "काय रे, ऊस कसला मागतोस त्याच्याकडे?"

त्यांना आम्ही दहादा समजावलं. उपयोग शून्य. त्या 'ऊस'च म्हणायच्या. आणि गंमत म्हणजे ब्रूनोला तो चालायचा!

पुढे एकदा त्यांच्या भावाचा कऱ्हाडहून फोन आला. ब्रूनो तोंडात चेंडू घेऊन पायाशी बसला होता. सासूबाई म्हणाल्या, "यंदा ऊस कसा आहे?" चेंडू खाली. त्यानं पुन्हा उचलला. "आपला ऊस तोडला का?" चेंडू खाली. पुन्हा उचलला. "अरे, त्यांचा ऊस जातो आणि आपलाच ऊस कसा राहतो?" शेवटी बिचाऱ्यानं तो चेंडू तिथंच टाकला आणि बाल्कनीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

*

मग मिलिंदनं रबरी हाड आणलं. चावायचं तर हे चाव, म्हणून. सासूबाईंनी किंमत विचारली.

"पस्तीस दिरहम."

"म्हणजे साडेचारशे रुपये! खोट्या हाडाला?"

ब्रूनोनं ते हाड नीट हुंगलं, बाजूला सारलं आणि ज्या खोक्यातून ते आलं होतं, ते खोकं मन लावून खाल्लं.

*

मनखूलला आमचे एक मित्र राहतात, जोगळेकर. त्यांनी जन्मात कुत्रा पाळलेला नाही, पण इंटरनेटवर वाचलेलं भरपूर! ते म्हणाले, "तुमचं चुकतंय कुठं सांगू? ओरडायचं नाही. एक्सचेंज करायचं. त्यानं चप्पल सोडली, की आपण बिस्किट द्यायचं. खलास!"

हा उपाय मात्र लागू पडला. ब्रूनो चप्पल आणून द्यायचा, बिस्किट घ्यायचा. आम्ही खूष.

एका रविवारी (इथं कामाचा आठवडा रविवारीच सुरू होतो) सकाळी मिलिंद कचरा टाकायला गेला आणि दार लोटायचं विसरून तसाच ऑफिसला गेला. मी अंघोळीहून बाहेर येते तो काय, हॉलमध्ये बुटांची ही रांग! अकरा बूट. अकराही डाव्या पायाचे! आमच्या मजल्यावर सगळे दाराबाहेरच बूट काढतात, आणि याला बिस्किटांचं दुकान सापडलेलं. प्रत्येक खेपेला एक.

"अहो आई, त्याला थांबवायचं नाही का?"

सोफ्यावर सासूबाई बिस्किटांचा रिकामा पुडा हातात घेऊन बसल्या होत्या. "तो दर वेळी प्रामाणिकपणे सोडत होता गं. मग द्यायला नको? नियम म्हणजे नियम!"

तेवढ्यात दारात समोरचे इजिप्शियन अंकल. सूट, टाय, हातात फाईल, उजव्या पायात काळा बूट आणि डाव्या पायात नुसता मोजा. त्यांचीही नोकरी गेलेली. इंटरव्ह्यूला निघाले होते. आता हे काय बोलतील, कोण जाणे! त्यांनी रांगेकडे पाहिलं, ब्रूनोकडे पाहिलं आणि त्यालाच गंभीर चेहऱ्यानं विचारलं,

"हबीबी, यात माझा साईझ आहे?"

*

जोगळेकरांचा पुढचा सल्ला कडू चवीचा. फर्निचरला काहीतरी कडू लावा, म्हणे, एकदा चाखेल आणि आयुष्यात परत तोंड लावणार नाही. मी कारल्याचा रस काढला आणि सोफ्याच्या चारी पायांना चोपडला.

ब्रूनोनं पहिला पाय चाटला. थांबला. विचार केला. मग दुसरा चाटला, तिसरा चाटला, चौथा चाटला आणि पुन्हा पहिल्यापाशी येऊन माझ्याकडे बघत शेपूट हलवायला लागला. अजून आहे का?

पुढचा महिनाभर मी ज्याला त्याला सांगत होते, की आमची ईशा आता कारल्याची भाजी खाते हं, ताटात एक फोड ठेवत नाही!

मिलिंद एकदा टेबलाखाली पडलेला चमचा उचलायला वाकला आणि हसत हसत खालीच बसला.

*

आणि आता पासपोर्टचा.

वर्षभरानं मिलिंदच्या ऑफिसातही तेच झालं. जुमेरा लेक टॉवर्समधलं त्याचं ऑफिस निम्मं रिकामं झालेलं. एका दुपारी त्यालाही आत बोलावलं आणि दोन महिन्यांची नोटीस दिली. घरी येऊन तो बूट न काढताच सोफ्यावर बसला. ब्रूनो त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून बसला. त्या दिवशी त्यानं काहीच चावलं नाही.

ठरलं असं, की मी, ईशा आणि सासूबाईंनी आधी पुण्याला जायचं. मिलिंद मागून आवरून येईल. ब्रूनोला नेणं काही जमण्यासारखं नव्हतं, आणि मार्टिनचे 'दोन आठवडे' अजून संपले नव्हते. शारजात व्हिला असलेलं एक कुटुंब त्याला घ्यायला तयार होतं. आम्ही निघालो, की दुसऱ्या दिवशी ते येऊन घेऊन जाणार होते.

ईशा रडली नाही. एवढंच म्हणाली, "ही विल थिंक वुई आर लाइक मार्टिन."

सासूबाई उठून आत गेल्या.

विमान दोन दिवसांवर असताना ब्रूनोनं ईशाचा पासपोर्ट खाल्ला. फोटोचं पान नाकापर्यंत फस्त! मी कपाळावर हात मारला. आमचे चारही पासपोर्ट कपाटाच्या वरच्या खणात, चेन लावलेल्या पाऊचमध्ये असतात. पाऊच जागच्या जागी होतं, चेन लावलेली होती, आत तीन पासपोर्ट होते. चौथा हॉलमध्ये, ब्रूनोच्या पंजाखाली! मी मिलिंदवर ओरडले, मिलिंद माझ्यावर ओरडला. तू बाहेर काढलास, तू ठेवला नाहीस. सासूबाई म्हणाल्या, "आता भांडून काय होणार? राहू थोडे दिवस." तिकिटं रद्द केली. शारजाच्या मंडळींना थांबायला सांगितलं.

नवा पासपोर्ट यायला तीन आठवडे लागणार होते. तिसऱ्या आठवड्यात मिलिंदला अबू धाबीहून फोन आला. आधीच्या साइटवरचा एक साहेब तिकडे नव्या प्रोजेक्टवर होता आणि त्याला माणूस हवा होता. "यल्ला, चल, संडेला जॉइन हो!" मिलिंदनं फोन ठेवला आणि ब्रूनोला मिठी मारून त्याच्या कानातच ओरडला, "आपण राहतोय!" शारजाला आम्ही फोन करून माफी मागितली.

नवा पासपोर्ट घ्यायला मी, ईशा आणि सासूबाई गेलो. काउंटरवर लखनौकडचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी नवा पासपोर्ट दिला, सही घेतली आणि मग दोन बोटांत धरून तो जुना, कुरतडलेला पासपोर्ट पुढे केला.

"कुत्ते ने खाया, ऐसा लिखा है आपने."

"हो... जी."

त्यांनी पासपोर्ट नाकाशी नेला. डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला.

"मॅडम, तीन हफ्ते से हमारा पूरा ड्रॉवर महक रहा है. शुद्ध घी... क्या कहते हैं आप लोग... साजूक तूप, है ना? घर का?"

मी मागं वळले. ईशानं आजीकडे पाहिलं. सासूबाईंनी पर्समधून जपमाळ काढली आणि डोळे मिटून घेतले.