वाळवी ओळखणाऱ्या मावशी

उलथन्याचा दांडा दाराच्या चौकटीवर दोनदा ठोकायचा, कान लावायचा आणि मगच आत पाऊल टाकायचं, ही आमच्या मावशींची सवय. घर कोणाचंही असो. "लाकूड बोलते, सर. आयकनारा पायजे," म्हणायच्या.

कापसाची ती वाईट वर्षं होती. नेरजवळच्या एका गावात मी शाळामास्तर होतो आणि मावशी आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. त्यांचे वडील महागावकडे सुतारकाम करायचे. लहानपणी त्यांच्या हाताखाली फळ्या उचलता उचलता त्या हे शिकल्या. तुमच्याही पाहण्यात असं माणूस असेल, पगार एका कामाचा आणि गावात नाव दुसऱ्याच कामाचं.

पावसाळ्यात एका सकाळी ऑफिसच्या खिडकीत पंखवाल्या किड्यांचा सडा पडला होता. "वाळवी!" मी ओरडलो. मावशींनी एक किडा तळहातावर घेतला.

"कंबर पाहा न, सर. मुंगीले कंबर असते, उधईले नसते. हे मुंगी हाये."

वाळवीला त्या उधई म्हणत. तिचे चारही पंख सारखे असतात, मुंगीचे पुढचे मोठे, हेही त्यांनी तिथंच दाखवलं. त्यांच्या लेखी उधईच्या जाती दोन. मातीतली उधई भिंतीवर पेन्सिलीएवढी मातीची नळी बांधत वर चढते. कोरडी उधई लाकडातच राहते आणि बाहेर खसखशीसारखे दाणे सांडते. सरपंचांची सून नव्या कपाटाखालची ही 'खसखस' महिनाभर झाडून काढत होती. मावशींनी ती चिमटीत धरली आणि कपाट अंगणात काढायला लावलं.

दिवाळीनंतर शाळा उघडली, त्या दिवशी तिसरीच्या वर्गाच्या कोपऱ्यात त्यांना अशीच एक मातीची नळी दिसली. बाकावर चढून त्यांनी तुळईवर दांडा ठोकला आणि थेट हेडमास्तरांकडे आल्या.

"पोरं बाहेर काढा, सर."

"अहो, सुटीतच रंग दिलाय तिला."

"रंग हाये तसाच हाये. आतलं लाकूड गेलं."

"तुम्ही खिचडीकडे पाहा."

मावशी खिचडीच्या मोठ्या गंजासकट वर्गाच्या दारात बसल्या. "पोरं बाहेर निंगतीन, तवाच वाढीन."

हेडमास्तर चिडले. बाकावर चढून त्यांनी खिशातलं पेन तुळईत टोचलं. पेन टोपणापर्यंत आत गेलं आणि ओली माती त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सांडली. खाली उतरून घंटा त्यांनी स्वतः वाजवली. पुढच्या आठवड्यात छपरावरचे कवेलू उतरवताना ती तुळई मजुरांच्या हातातच मोडली.

मग हेडमास्तरांनी शेतातल्या फवारणीचं उरलेलं औषध आणलं, भिंतीच्या बुडाशी ओतायला. मावशी डब्यासमोर उभ्या राहिल्या.

"हे नाई. पोरं भिंतीले टेकून बसतात." मग त्या हळूच म्हणाल्या, "याच औषधानं आमच्या मानसाचे डोये गेले."

त्यांचे यजमान दुसऱ्याच्या शेतात मजुरीनं फवारणी करायचे. घराच्या ओट्यावर बसलेल्या त्या माणसाला आम्ही रोज पाहत होतो. डोळे कशानं गेले, हे आमच्यापैकी एकानंही कधी विचारलं नव्हतं.

डबा परत गेला. "पानी तोडा, उधई तुटते," मावशींनी सांगितलं. हापशाचं पाणी त्या भिंतीत मुरत होतं. आम्ही नाली वळवली, भिंत वाळू दिली, वर तुळईच्या जागी लोखंडी कैच्या घालून टिनाचे पत्रे टाकले. भिंतीवर पुन्हा माती चढली नाही.

दोन वर्षांनी मावशी कळंबला लेकीकडे राहायला निघाल्या. मी फाट्यावर पोचवायला गेलो. बसमध्ये त्यांनी यजमानांना खिडकीजवळ बसवलं.

"काय दिसून राह्यलं?" यजमानांनी विचारलं.

मावशी त्यांच्या खांद्यावरून बाहेर पाहत सांगू लागल्या, "पऱ्हाटी उभी हाये. खालची बोंडं फुटली. दोन बाया येचून राह्यल्या. एकीचं लुगडं हिरवं हाये..."

बस सुटली. त्या सांगतच होत्या.