गावपळणीतली तपासणी

माझा मावसभाऊ मालवणजवळच्या एका गावात फायबरच्या होड्या बनवायचा. मासळी आटली, नव्या होडीला गिऱ्हाईक मिळेना, आणि त्याचे कारागीर गोव्याला जायच्या गोष्टी करू लागले. तेव्हा मीच त्याला पवनचक्कीच्या नादाला लावलं. चक्कीच्या माथ्यावर यंत्राला झाकणारं मोठं टोपण असतं, तेही फायबरचंच. एक कंपनी ते परराज्यातून आणायची. निवृत्तीनंतर छोट्या कारखानदारांना वाट दाखवायची हौस मला होतीच. कंपनीच्या दारात चपला झिजवल्या, भावाकडून नमुना करवून घेतला, तो पासही झाला. साहेबलोकांनी येऊन भावाची शेड चालू असताना बघायची आणि ऑर्डर द्यायची, एवढंच उरलं होतं. ती मिळाली तरच शेड टिकणार होती.

तारीख ठरली आणि ग्रामदेवतेने कौल दिला, गावपळणीचा, नेमका त्याच दिवसांचा. तीन दिवस माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रे, सगळ्यांनी वेशीबाहेर झोपड्या बांधून राहायचं. गावात कुणी पाऊलसुद्धा टाकायचं नाही. मी भावाला म्हटलं, कंपनीला फोन करून तारीख बदलून घे.

"काय सांगू? देवान रजा घातल्यान म्हणान?" एवढं बोलून तो झोपडीसाठी माडाची झापं विणायला बसला. त्याला लाज वाटत होती, हे मला कळत होतं. तासाभरापुरती शेड उघडू द्या, असं मी मानकऱ्यांना विनवून पाहिलं, तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं. शेवटी फोन मी केला आणि खरं कारण सांगून टाकलं.

पलीकडचा साहेब खूश झाला. अशी प्रथा बघायलाच हवी म्हणाला. ठरल्या दिवशी दोघे साहेब आले ते कॅमेरे घेऊनच. झोपड्यांतून फिरले, भजनात टाळ वाजवले, वहिनीने तीन दगडांच्या चुलीवर केलेलं बांगड्याचं तिखलं दोनदा मागून घेतलं. भाऊ त्यांच्या हातावर पाणी घालत उभा होता. ते निघताना मी त्यांना, शेड बघायला कधी येणार, असं विचारलं, तर त्यातल्या एकाने माझ्या खांद्यावर हात ठेवून "नक्की, नक्की" म्हटलं. तो हात आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

पंधरवड्याने ईमेल आला. पुरवठादाराच्या गावात काम कधी बंद पडेल हे आधी सांगता येत नाही, सबब जोखीम घेता येणार नाही. म्हणजे वहिनीच्या हातचं चाटूनपुसून खायचं आणि तिच्याच गावावर काट मारायची. वर प्रथा फार सुंदर आहे, ती जपा, हेही लिहिलं होतं. इतका निर्लज्जपणा मी सरकारी नोकरीतही पाहिला नव्हता.

भावाला शेडमध्ये जाऊन मराठीत सगळं सांगितलं. तो बराच वेळ टोपणाच्या साच्यावरून हात फिरवत राहिला.

"चक्कीवरचो वारो काय तेंका इचारून पडता?" तो म्हणाला.

शिमगा झाला आणि कारागीर बांद्यापलीकडे, गोव्यात कामाला लागले. शेडला कुलूप लागलं ते आजतागायत आहे. त्यासाठी कुणाला कौल लावावा लागला नाही.