तिसऱ्या गाण्यातली बासरी

वडगावच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत आम्ही आणि मागच्या खोलीत दोन पॉवरलूम, अशी वाटणी होती. आवाजाला मात्र भिंत नव्हती. माझे वडील, म्हणजे आप्पा, सकाळी मागांना उदबत्ती ओवाळायचे, टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचे आणि मगच साडी विणायला लागायचे. कॅसेट एकच, एका जुन्या हिंदी सिनेमाची. दुसरी लावू देतील तर शपथ!

त्या खडखडाटात मी सगळी गाणी तोंडपाठ केली. मग एकदा टिळकवाडीत मैत्रिणीच्या घरी तिसरं गाणं पहिल्यांदाच शांत खोलीत ऐकलं आणि ठणकावून सांगितलं, "तुमची कॅसेट खराब आहे. ह्यात खटखट नाही." मागाचा ठेका मी गाण्यातलाच धरून चालले होते! मैत्रिणीची आई हसून हसून बेजार झाली. मला राग आला, पण तो टिकला नाही. कारण कडवं संपलं आणि एक बासरी सुरू झाली. रोजच्या गाण्यात ती होती आणि मी ती कधी ऐकलीच नव्हती. अंगावर सर्रकन काटा आला. इतकं सुंदर काही आमच्याच घरात रोज वाजत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता.

कधी एकदा आप्पांना सांगते असं झालं. पण चालत्या मागापुढे आम्ही खुणांनीच बोलायचो. जेवायला चला, धागा तुटला, पाहुणे आले. मी टेपकडे बोट दाखवून ओठांशी बासरी धरल्याची खूण केली. आप्पांचा चेहरा एकदम फुलला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून बासरी आणून दिली. यांना काही कळलं नाही, म्हणून मी कपाळावर हात मारला.

पुढे मागांनी त्यांचे कान खाल्ले. माग विकले तेव्हा घर शांत झालं, पण आप्पांना ओरडून बोललेलंही ऐकू येईना. या महिन्यात कानाचं यंत्र बसवलं. "बोलणं ऐकू येईल, गाण्याचं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. माझा जीव तर गाण्यातच अडकला होता. ती बासरी आप्पांनी एकदा, एकदाच ऐकावी, एवढंच मला हवं होतं.

काल सकाळी मोबाईलवर तिसरं गाणं लावलं. कडवं संपत आलं तसा मी श्वास रोखून धरला. आणि बासरी सुरू व्हायच्या आधीच आप्पा तिचे सूर गुणगुणायला लागले. एकही चुकला नाही.

"आप्पा, ही तुमाला ठावं हाय?"

"व्हय की. हातमागावर हुतो तवा रेडिओवर लई ऐकलोय. पावरलूम आल्यावर कुठली ऐकू येतीय?"

"मग रोज कॅसेट कशाला लावत हुता?"

"तुझं कान कवळं हुतं गं. म्हटलं, मला न्हाय तर न्हाय, पोरीला तरी ऐकू यील." ते हसले. "आन् तू खूण करून सांगितलीस की! म्हणून तर बासरी आणलो."

टिळकवाडीतल्या त्या शांत खोलीचं मी त्यांना सांगितलं नाही.