पाळकसाहेबांचं शिफारसपत्र

प्याला माझ्या ओठांना लागला आणि पहिल्या बाकावरच्या थोरल्या बाईंनी पदर तोंडाला लावला.

प्रभुभोजन चाललं होतं, एकाच प्याल्यातून सगळ्यांनी घोट घ्यायचा. पाळकसाहेब प्याला घेऊन माझ्यानंतर त्यांच्यापुढे गेले. बाईंनी मान हलवली. नको. शेजारी त्यांची सून. तिनंही मान हलवली. मग सुनेची बहीण, मग कंपनीतल्या हेडक्लार्कची बायको. एक-एक करून अख्खी रांग. पाळकसाहेबांनी पांढऱ्या फडक्यानं प्याल्याची कड पुसली. पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा पुसली. तरी कुणी तोंड लावेना. शेवटी ते आत गेले आणि दुसरा प्याला घेऊन आले. मी तिथंच गुडघे टेकून होते. सगळं माझ्या नाकासमोर चाललं होतं.

सतरा वर्षांची होते मी. एस.एस.सी. पास झाले त्यानंतरचा तो रविवार.

आमचं मिशनचं देऊळ ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून होतं. तेव्हा तिथं खाडी, मिठागरं, भातशेती आणि नुकत्या उभ्या राहिलेल्या दोन-चार कंपन्या. माझे आप्पा नगरकडून आलेले. आम्ही महार. आजोबांनी बाप्तिस्मा घेतलेला. आप्पा कंपनीत हमाली करायचे आणि देवळाची झाडलोट, घंटा, दिवाबत्ती बघायचे. त्याबद्दल देवळामागची एक खोली आम्हाला राहायला होती.

थोरल्या बाईंचे पणजोबा शास्त्री होते म्हणे. ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या, पण त्या पणजोबांचं शास्त्रीपण काही घरातून जाईना. बोलता बोलता ते निघायचंच. "आमच्याकडे मुळात वाचनाची परंपरा." "आमच्याकडे मुळात स्वच्छता." मुळात! ज्या मुळावर पाणी सोडून ख्रिस्ती झाले, त्याच मुळाला ह्या रोज खतपाणी घालत होत्या.

देवळात त्यांच्यासारखे पुढं बसायचे, बाकांवर. आम्ही मागं, चटईवर. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. प्याला आधी पुढच्यांना, मग मागच्यांना. हाही नियम लिहिलेला नव्हता. आम्ही प्यायल्यावर त्या प्याल्याला कुणी तोंड लावायचं नाही, आणि कुणाला लावावंही लागायचं नाही, कारण शेवटी आम्हीच असायचो. इतकी नीट व्यवस्था. लहानपणापासून बघत आले, पण मला कधी दिसलीच नाही. मला वाटायचं, मागून पुढं जायला वेळ लागतो म्हणून आपण शेवटी.

त्या रविवारी मात्र घोटाळा झाला. आमच्या मंडळीत चाल होती, की कुणी परीक्षा पास झालं की त्याला पुढं बोलवून आभारप्रार्थना करायची. मला बोलावलं. प्रार्थना झाली, आमेन झालं, आणि लगेच प्रभुभोजन सुरू झालं. मला मागं जा असं कुणी म्हणालं नाही. मला वाटलं, आज माझा दिवस, मी इथंच थांबायचं. खुळी! मी तिथंच गुडघे टेकले. आणि प्याला सगळ्यात आधी माझ्याकडे आला.

घरी आलो. आईनं भाकरी थापली. कालवण खारट झालं होतं, तरी आप्पांनी ताट पुसून खाल्लं. संध्याकाळी गावातली म्हावरं विकणारी म्हातारी दारात टोपली टेकवून बसली. आगरीण. तिला बातमी आधीच कळली होती. म्हणाली, "तुमचे देवलान पन शिवाशीव हाय का गो? मंग आमचा काय वाईट होता?"

मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. थोरल्या बाईंपुढे नाही वाटली, हिच्यापुढे वाटली. कारण माझ्या देवाबद्दल ती विचारत होती आणि मला उत्तर देता येईना.

आता मला काय हवं होतं ते सांगते. मला मुंबईच्या मिशन कॉलेजात जायचं होतं. मनापासून. तिथं रोज सकाळी वर्ग भरायच्या आधी प्रार्थना. गायनवृंद. वसतिगृहात सगळ्या आपल्यासारख्या मुली, जेवणाआधी डोळे मिटणाऱ्या, ज्यांना बघून कुणी हसत नाही. शाळेत मी डोळे मिटले की मागून खसखस पिकायची. "आली येशूची मेंढी." सात वर्षं ऐकलं. मला वाटायचं, एकदा मिशन कॉलेजात गेले की सुटले.

दुसरं कॉलेज ठाण्याचं. तिथं ना देव ना धर्म, नुसता अभ्यास. पाळकसाहेब म्हणायचे, "तिथं नास्तिक प्रोफेसर आहेत. दोन वर्षांत तू येशूला विसरशील." मला खरंच भीती वाटायची. माझा येशू काही मिशनच्या बंगल्यातला नव्हता. आई तापानं फणफणली होती तेव्हा मी रात्रभर ज्याला हाका मारल्या, तो होता. तो हातचा गेला तर मी काय करू? भूक सोसली असती, हे नाही.

म्हणून मी गेले पाळकसाहेबांकडे. मिशन कॉलेजला त्यांचं शिफारसपत्र लागायचं. त्याशिवाय फॉर्मसुद्धा घेत नसत. आप्पा बरोबर होते. आप्पा दाराशी उभे राहिले, मीही उभीच. पुढं खुर्च्या रिकाम्या होत्या.

पाळकसाहेब गोड माणूस. आवाज तर असा, की ऐकत राहावं. म्हणाले, "पत्र तयार आहे. पण रविवारी जे झालं त्यानं मंडळीचं मन दुखावलंय. तू मंडळीपुढे उभी राहा आणि कबुली दे. मग पत्र ने."

कबुली म्हणजे काय, ते आमच्यात सगळ्यांना माहीत. कुणी दारू पिऊन बायकोला मारलं, कुणी दुसरी ठेवली, की उपदेश झाल्यावर त्याला उभं करायचे. त्यानं पाप बोलून दाखवायचं, मग मंडळी क्षमा करायची. दारुड्यांच्या त्या जागी मला उभं राहायचं होतं.

"कशाची कबुली, साहेब?" मी विचारलं.

"उद्धटपणाची. आपली जागा सोडल्याची."

"शनिवारी तो प्याला कोण घासतं?"

आप्पांनी माझा दंड धरला. प्याला आप्पाच घासायचे, दर शनिवारी, राखेनं, चकचकीत होईस्तोवर. त्यांच्या दहाही बोटांनी. तो प्याला ह्यांना चालायचा.

पाळकसाहेब हसले. चिडले नाहीत, हे लक्षात घ्या. समजूत घालावी तसे हसले आणि म्हणाले, "घासणं वेगळं, पिणं वेगळं."

एवढं स्पष्ट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. धर्म बदलून चाळीस वर्षं झाली, तीन पाळक बदलले, उपदेश ऐकून कान किटले, आणि सगळ्याचं सार हे निघालं. मला हसूच आलं. वाटलं, हात तिच्या, ह्यासाठी आजोबांनी बाप्तिस्मा घेतला?

पत्र मेजावर उघडंच होतं. इंग्रजीत. मी मॅट्रिक झालेय, हे ते विसरले असावेत. उभ्या उभ्या वाचलं. लिहिलं होतं, की मुलगी अगदी खालच्या थरातल्या घरातली आहे, तरी नम्र आणि आज्ञाधारक आहे, आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात उपयोगी पडेल. परीक्षेत मला किती मार्क पडले, त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी गणितात तालुक्यात पुढं होते. भांडी घासण्यात कितवी होते, कुणास ठाऊक.

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "दोन शब्दांचा तर प्रश्न हाय, पोरी. म्हून टाक. शिकून मोठी झालीस की कोन आठवन ठेवतंय?" आप्पांचा मला राग नाही. डोक्यावरचं छप्पर मिशनचं होतं. पण मनात म्हटलं, आठवण मी ठेवीन ना.

आठवडाभर मी प्रार्थना केली. देव काही बोलला नाही. तो बोलत नाहीच, तो भाग वेगळा. पण शुक्रवारी मला विहिरीवरचा येशू आठवला. थकलेला, तहानलेला, आणि ज्यांच्या भांड्याला शिवत नसत अशा जातीच्या बाईकडे पाणी मागणारा. लहानपणापासून ती गोष्ट ऐकत होते. पाळकसाहेबांनी तर तिच्यावर किती रविवार गाजवले! सांगताना डोळ्यांत पाणी आणायचे. मानभावी मेले! मी तिथल्या तिथं ठरवलं.

रविवारी उपदेश झाला. माझं नाव घेतलं. मी पुढं गेले. थोरल्या बाई हातातल्या रुमालाची घडी नीट करत बसल्या होत्या, क्षमा करायच्या तयारीत. त्यांचा चेहरा इतका प्रसन्न मी कधी पाहिला नव्हता.

मी म्हणाले, "मी प्रभूचा प्याला प्यायले. त्याची मला लाज वाटत नाही. ज्यांनी प्रभूचा प्याला नाकारला, त्यांनी उभं राहून कबुली द्यावी."

कुणी उभं राहिलं नाही. डोंबल उभं राहतात! पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीताचा नंबर सांगितला. पेटीवाल्याला सूर सापडेना. आणि मागून, आमच्या चटईवरून, एक आवाज आला. "बस खाली, पोरी. आमचं काय जातंय शेवटी प्यायला?" तो आवाज आमच्याच माणसाचा होता. तो मला जास्त लागला. पुढच्यांनी हाकललं ते सोसता येतं. मागच्यांना सवय झाली होती.

मी बसले नाही. बाहेर पडले.

घरी आप्पांनी मला मारलं. आयुष्यात एकदाच. मग स्वतःच भिंतीकडे तोंड करून बसले. आई म्हणाली, "पुरे झालं. सामान बांधा." पाळकसाहेबांची चिठ्ठी यायच्या आत तिनं ट्रंक भरली होती. चिठ्ठी आली तिसऱ्या दिवशी, खोली रिकामी करा म्हणून, आणि खाली प्रभू तुमचे कल्याण करो. आम्ही दिघ्याला चाळीत गेलो. आप्पांची कंपनी तिथून जवळ होती, आणि ठाणे मला पायी गाठता येण्यासारखं होतं.

ठाण्याच्या कॉलेजात गेले. खिडकीशी कारकून. पान खात होता. माझा फॉर्म वाचता वाचता थांबला.

"ख्रिश्चन? आडनावावरून वाटत नाही. मूळचे कोण?"

इथंही मुळात! मला वाटलं होतं, देवाचं नाव नसलेल्या जागी निदान ह्या चौकशा तरी नसतील.

"ख्रिस्ती," मी म्हणाले.

"तो धर्म झाला. जात?"

मी गप्प राहिले. त्याला कळलं. अशांना लगेच कळतं. आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, ताई. ख्रिश्चन ठेवलंस तर सवलत नाही. हिंदू लिही, खाली जात लिही, फी माफ. स्कॉलरशिपसुद्धा. येशू काय फॉर्म बघायला येणार आहे का?" आणि फॉर्म परत माझ्याकडे सरकवून स्वतःच्याच विनोदावर हसला.

माणूस वाईट नव्हता. मदतच करत होता. त्यानंच मला जास्त घाम फुटला. पाळकसाहेबांना नाही म्हणणं सोपं होतं, ते माझा अपमान करत होते. हा माझी सोय बघत होता. एक शब्द खोडायचा, एक लिहायचा. आप्पांची हमाली वाचली असती. आईनं नुकतंच दुसऱ्याच्या घरचं धुणं धरलं होतं, ते सुटलं असतं. मी पेन हातात धरून उभी. मागची मुलं चुळबुळत होती. कुणीतरी म्हणालं, "ए बाई, आटप ना."

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. डोळ्यांपुढे आईचे साबणानं सोललेले हात येत होते. खोटं सांगत नाही, एकदा मी पेन टेकवलंसुद्धा.

मग धर्मासमोरचं ख्रिस्ती तसंच ठेवलं. जातीच्या रकान्यावर आडवी रेघ मारली. फॉर्म सरकवला.

"पूर्ण फी भरावी लागेल," तो म्हणाला. आता ताई नाही, काही नाही.

"भरेन."

"रकाना असा सोडता येत नाही."

"सोडलेला नाही. खोडलाय."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की ह्या पोरीचं डोकं फिरलंय. मग शिक्का मारला.

फी कशी भरली ते सांगत बसत नाही, उगाच रडगाणं होईल. प्रोफेसर नास्तिक होते, ते खरं निघालं. येशूला मी विसरेन, ते खोटं निघालं. पुढं मी बी.ए. झाले, शिकवायला लागले. अजूनही लोक मला दोन्हीकडून समजवायला येतात. देवळातले म्हणतात, विनम्र राहा. बाहेरचे म्हणतात, देव सोड, मोकळी होशील. दोघांनाही मी एकच सांगते. मला शिक्षण हवं होतं आणि येशूही हवा होता, आणि दोन्ही मी घेतलं. त्यासाठी मी कुणापुढे वाकणार नाही, आणि काही लपवणारही नाही. पटत नसेल त्यानं आपली वाट धरावी.