त्यांचं हसू उशिरा येऊ लागलं

माझे यजमान भूलतज्ज्ञ. नागपूरहून कार्डिफच्या हॉस्पिटलमध्ये लागले तेव्हा त्यांचं पुस्तकी इंग्रजी पक्कं होतं, पण ऑपरेशन चालू असताना सर्जन मंडळी एकमेकांना टोमणे मारायची, त्यात त्यांना काही शिरता येईना. तिथल्या एका वयस्कर वेल्श नर्सने त्यांना उपाय सांगितला. म्हणाली, व्हिक्टोरियन काळातल्या विनोदी नाटकांवर निघालेले सिनेमे बघा. त्यात माणसं दुसरं काहीच करत नाहीत, नुसती बोलतात.

मग आमचे रविवार त्यातच जाऊ लागले. उंची कपड्यातली माणसं, दोन लग्नं अडलेली, कुणीतरी खोटं नाव सांगून आलेलं. माझं इंग्रजी बेताचं, त्यामुळे हे रिमोटने सिनेमा थांबवायचे आणि आमच्या नागपुरी बोलीत मला ऐकवायचे, "अगं, ती म्हणते, थापाड्या नवरा चालते, पण थापा तरी चांगल्या मारता आल्या पायजे ना, बाप्पा!" मी पोट धरून हसायची. सिनेमावाले माणसांना बागेत नेऊन घोडे वगैरे दाखवू लागले की मात्र हे चिडायचे. "नाटक आहे ते. खोलीत बसून बोला की!"

रिटायर झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यांना 'चमचा' हा शब्द आठवेना. "ते... ढवळायचं दे," म्हणाले. आम्ही दोघं हसलो. पुढे फोनवर बोलताना इंग्रजी अडायला लागलं, तेव्हा स्कॅन झाला. डॉक्टरीण शांतपणे म्हणाली, मेंदूतला भाषेचा भाग झिजतोय. औषध नाही.

मी विचारलं, "मराठीसुद्धा जाईल?"

"हळूहळू सगळ्याच भाषा," ती म्हणाली. हे स्वतः डॉक्टर. त्यांना माझ्याआधीच कळलेलं असणार.

तरी रविवारी सिनेमा लावायचोच. एकदा त्यांनीच तो थांबवला आणि मला विचारलं, "काय म्हणाली गं ती?"

इतक्या वर्षांत तेवढं इंग्रजी मला कळू लागलं होतं, मी सांगितलं. मला कुठला विनोद सांगता येतोय? माझ्या तोंडून तो निव्वळ निरोप होऊन बाहेर पडला. तरी ते हसले. पेशंटच्या नातेवाइकांशी हसायचे, तसं मन राखायला. पडेल विनोदाला हसणं म्हणजे पाप, असं मानणारा माणूस! माझ्या विनोदांना उभ्या संसारात ते कधी हसले नव्हते. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

त्यानंतरच्या वसंतात आमची मुलगी मिल्टन कीन्सहून आली. तसल्याच एका नाटकावर नवा सिनेमा आला होता, तो बघायला हौसेने घेऊन गेली. हे पडद्याकडे कमी आणि शेजाऱ्यांकडे जास्त बघत होते. लोक हसले की मग हे हसत. मध्येच एक गंभीर प्रसंग आला, नायिका पत्र वाचून रडत होती. मागे कुणीतरी खोकलं. यांना वाटलं, हशा पिकला. ते मोठ्याने हसले, एकटेच. चार डोकी वळली. मग त्यांचं त्यांनाच उमगलं आणि ते माझी बाही ओढू लागले. "चला. ते... चला."

कार पार्कमध्ये मुलगी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. "आई, बाबांना माझा बोलणं तरी कळतं ना?"

तिच्या मराठीतली असली चूक ते तिथल्या तिथे दुरुस्त करत आले होते, ती शाळेत जायला लागल्यापासून. तिच्या भर लग्नातही त्यांनी तिला सोडलं नव्हतं. आता ते खिडकीतून समोरच्या सुपरमार्केटच्या ट्रॉल्यांकडे बघत होते. मी तिला म्हटलं, "कळतं गं." पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

आता टीव्हीवर कुणी भराभर बोलू लागलं की ते उठून जिन्यापाशी जाऊन उभे राहतात. म्हणून आम्ही स्नूकर बघतो, आवाज बंद करून. मराठीही बरीच गेली. परवा मी विचारलं, "अहो, चहा घेता?" त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. ते 'हो' होतं की 'नाही', मला कळलं नाही. मी चहा केला आणि त्यांच्यासमोर ठेवला. तो तसाच निवून गेला.