सरत्या वर्षाच्या मेलचा विषय

ठाण्यात बाळकुमला आता चहूकडे टोलेजंग इमारती झाल्यात. त्यांच्या बेचक्यात वैशंपायन रबर वर्क्सची पत्र्याची शेड अजून तग धरून आहे. ऑपरेशनची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला ऑटोक्लेव्ह म्हणतात. त्याच्या दाराला लागणाऱ्या रबरी रिंगा इथे बनतात. रिंग फाटली की वाफ गळते, वाफ गळली की हत्यारं निर्जंतुक होत नाहीत, आणि मग कुठलाही शहाणा डॉक्टर पेशंटला टेबलावर घेत नाही. बोटभर जाडीच्या रबराचा असा रुबाब आहे.

या कारखान्याचा सगळा पत्रव्यवहार शुभदा टिपणीस बघतात. टायपरायटरच्या काळात त्या जवळच्या चरईहून इथे नोकरीला लागल्या आणि इथेच मुरल्या. पत्र कसं लिहावं याबद्दल त्यांची मतं पक्की. कुणाच्या घरी जाऊन पाणीही न पिता कामाचं बोलू नये, तसं पत्रातही आधी सा. न. वि. वि., मग ख्यालीखुशाली, मग हळूच काम. मालक त्र्यंबकराव वैशंपायन त्यांच्याही वरताण. ऐंशी ओलांडली तरी जाणारं प्रत्येक पत्र ते आधी छापून मागतात, पेन्सिल घेऊन वाचतात, आणि सर्वांत वर 'श्री' असल्याशिवाय हलू देत नाहीत. ईमेल आलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला होता, की यात सर्वांत वरची ओळ कुठली. विषयाची, असं शुभदाताईंनी सांगितलं. झालं, श्री विषयात जाऊन बसला. श्रीनंतर एकदम धंद्याचं कसं बोलणार, म्हणून पाठोपाठ शुभेच्छा आल्या, आणि काम बिचारं शेपटाला गेलं.

एरवी हे खपून जायचं. पण डिसेंबरच्या शेवटी कारखाना पंधरवडाभर बंद असतो. बॉयलरची दुरुस्ती निघते आणि कारागीर आपापल्या गावी कोकणात जातात. रिंग हवी असेल तर त्याआधी मागवा, हे सांगणारा मेल दरवर्षी सगळ्या हॉस्पिटलांना जातो. गेल्या वर्षी तो गेला तेव्हा त्याचा विषय होता, '॥ श्री ॥ वैशंपायन रबर वर्क्स परिवारातर्फे आपणांस व आपल्या कुटुंबीयांस सरत्या वर्षाच्या निमित्ताने हार्दिक शुभेच्छा व एक नम्र विनंती'. शुभदाताईंना तो फार आवडला होता.

नाताळ उलटला आणि मोहनेजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलातून मालन केणेचा फोन आला. ती तिथल्या ऑपरेशन थिएटरची हत्यारं सांभाळते. रिंग फाटली होती आणि ताबडतोब दुसरी हवी होती. कारखान्याला कुलूप होतं. शुभदाताईंनी मेलची आठवण करून दिली, तशी मालन ओशाळली.

"ताई, मोबाईलवर मला निस्ता श्री आन् वैशंपायन येवढाच दिसला. म्हटला शुभेच्छा हायेत, मागनं वाचू. एका बाईचा गर्भाशयाचा ऑपरेशन होता. घरी पाठवली तिला."

शुभदाताईंना ते लागलं. पण त्र्यंबकरावांना सांगायचं धैर्य झालं नाही. या वयात त्यांच्या श्रीला हात लावायचा कुणी, या विचारात वर्ष निघून गेलं. मनात मात्र त्यांनी ठरवून टाकलं होतं, की यंदाचा मेल असा लिहायचा की तो उघडला नाही तरी काम कळलं पाहिजे.

यंदा डिसेंबर लागताच त्या विषयाची ओळ घेऊन बसल्या. त्र्यंबकरावांची नात उर्वी कंपनीचं मार्केटिंग बघते. तिने हौसेने दोन ओळी सुचवल्या. एकीत फटाक्याचं चित्र होतं आणि दुसरी होती, 'हा मेल चुकवलात तर पस्तावाल!' साड्यांच्या सेलची जाहिरात वाटते गं, असं शुभदाताई म्हणाल्या. उर्वी हसली, पण नंतर तिने एक कामाची गोष्ट सांगितली. मावशी, ओळ संगणकावर वाचू नकोस, फोनवर बघ, पहिले चार-पाच शब्दच दिसतात, त्यात जे बसेल तेवढंच लोक वाचतात. मग दोघींनी मिळून एकमेकींच्या फोनवर मेल पाठवून पाहिले. 'वर्षअखेर सूचना' पाठवली, ती बँकेची वाटली. 'महत्त्वाचे' लिहिलं, तर उर्वी म्हणाली की सगळेच महत्त्वाचे लिहितात. शेवटी संध्याकाळच्या चहाच्या वेळी ओळ जमली. 'ऑटोक्लेव्ह रिंग २० डिसेंबरपर्यंत मागवा, नंतर पंधरा दिवस मिळणार नाही'. शुभदाताईंना ती फार उघडीबोडकी वाटत होती. नमस्कार, शुभेच्छा सगळं त्यांनी आतल्या मजकुरात घातलं आणि कागद छापून त्र्यंबकरावांसमोर ठेवला.

त्र्यंबकरावांनी पेन्सिल उचलली आणि वरच्या ओळीवर थांबले. श्री कुठे गेला, असं त्यांनी विचारण्याआधीच शुभदाताईंनी सगळं सांगून टाकलं. फाटलेली रिंग, मालनचा फोन, घरी पाठवलेली बाई. रागावतील, नाहीतर दुखावतील, दोन्हींची त्यांनी तयारी ठेवली होती.

म्हातारबुवांनी पेन्सिल खाली ठेवली.

"मग त्या बाईंचं ऑपरेशन झालं की नाही, टिपणीसबाई?"

शुभदाताई वर्षभर त्या ओळीचा विचार करत होत्या. त्या बाईचं पुढे काय झालं, हे विचारायचं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. त्यांना स्वतःची मनापासून शरम वाटली.

मेल असाच पाठवा, त्र्यंबकराव म्हणाले, पण आधी त्या हॉस्पिटलात फोन करा. शुभदाताईंनी तिथेच उभ्याने फोन लावला. नाही झालं, मालन म्हणाली. बाईचं नाव कांता. नवी रिंग आल्यावर दोनदा निरोप धाडला, पण ती फिरकलीच नाही. अंगावरून जाणं थांबलेलं नाही, चेहरा पांढराफटक पडलाय, आणि का येत नाही ते धड सांगतही नाही.

मेल गेला. दुसऱ्या दिवसापासून फोन खणखणू लागले, कारागिरांची दमछाक झाली, आणि ज्या हॉस्पिटलांनी कधी वेळेत मागणी केली नव्हती त्यांच्याही रिंगा बांधून तयार झाल्या. मालननेही वेळेत मागणी केली होती. कुरियरवाला आला तेव्हा शुभदाताईंनी तेवढं एक पाकीट बाजूला काढलं. हे मी घेऊन जाते, त्या म्हणाल्या.

लोकलने आंबिवलीला उतरून त्या रिक्षाने मोहनेला गेल्या. रिंग मालनच्या हातात दिली आणि आपल्याला कांताकडे न्यायला सांगितलं. मालनला जेवणाची सुट्टीच होती. कांताची खोली जवळ होती. दारात बसून ती मेथी निवडत होती. हात पिवळट, ओठांना रंग नाही. मालनने शुभदाताईंची ओळख करून दिली, ठाण्याच्या ताई, मशीनचं सामान यांच्याकडनंच येतं. कांताने आत बोलावून पाणी दिलं. तेवढ्या हालचालीनेही तिला धाप लागली.

शुभदाताईंनी ख्यालीखुशाली विचारली आणि मग ऑपरेशनला परत का गेली नाही, ते विचारलं. कांता आधी हसून वेळ मारून नेत होती. मग म्हणाली, "कपडे बदलून झालेलं माझं, ताई. सलाईन लावलेली. आन् तेवढ्यात मशीन बंद पडलं. म्हटलं, देवाच्याच मनात नाही. परत गेले तर टेबलावरनं उठायची नाही मी. पोरं लहान आहेत."

देवाचं त्यात काहीच नव्हतं. शोभेसाठी लिहिलेली एक लांबलचक ओळ होती, आणि तिची किंमत वर्षभर या बाईच्या रक्तातून वसूल होत होती. पत्रात शब्द सुबक मांडण्यात शुभदाताईंची हयात गेली होती. इथे एकही सुबक शब्द सुचेना.

"देवाचं काही नव्हतं गं त्यात," त्या म्हणाल्या. "मशीनची एक रिंग फाटली होती. ती वेळेवर मागवा म्हणून आम्ही कळवायचं होतं, ते नीट कळवलं नाही. चूक मी केलेली. तुझ्या नशिबाशी तिचा काही संबंध नाही."

कांताने मालनकडे पाहिलं. मालनने मान हलवली आणि पिशवीतलं पाकीट काढून तिच्यासमोर धरलं. कांताने रिंग बाहेर काढली, बोटांनी दाबून पाहिली, वाकवून पाहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि रागही होता.

"येवढंच होतं तर मला कुणी सांगितलं का नाही?"

शुभदाताईंनी कांताचा गार पडलेला हात नुसता हातात घेतला. मग कांताने तो सोडवून घेतला, रिंग मालनला परत दिली आणि डॉक्टरांकडून ऑपरेशनची तारीख कधीची मिळेल ते तिला विचारलं.